अरबाबच्या गाड्या

माझा धाकटा भाऊ पहिल्यांदा पिनरला आमच्या घरी आला तो एका पिवळ्याधमक इटालियन गाडीतून. ती गाडी विमानाच्या पोटात बसून लंडनला आली होती, आणि भाऊ त्याच विमानात वर, माणसांत. त्याला विचारलं असतं तर तो खाली गाडीपाशी बसूनही आला असता. मी ओट्याशी कणीक मळत होते. गल्लीच्या टोकाला तो आवाज झाला तेव्हा मला वाटलं, कौन्सिलची माणसं रस्ता खोदायला आली. बाहेर येऊन बघते तर माझ्या कमरेलाही न पोचणारी गाडी दारात उभी, आणि तिच्यातून आमचा हा, विहिरीतून वर यावं तसा हातांवर जोर देऊन बाहेर येतोय.

"ही काय गाडी म्हणायची?" मी म्हटलं. "हिच्यात भाजीची पिशवी तरी मावते का?"

"अक्का," तो म्हणाला, "हिला भाजीचं नाव काढू नको, बंद पडंल."

हे ऐंशीच्या दशकाच्या मधलं. कोल्हापुरात आमचे वडील बांधकामावर मिस्त्री होते. मी मिरजेला नर्सिंग केलं, ग्लासगोच्या हॉस्पिटलात नोकरीला आले आणि तिथेच आमच्या ह्यांची गाठ पडली. हे डॉक्टर, पुण्याचे. लग्नानंतर बदलीच्या नोकऱ्या करत करत आम्ही लंडनच्या बाजूला पिनरमध्ये घर घेतलं. भाऊ मात्र शाळेत कधी रमला नाही. सुट्टीत वडिलांबरोबर भिंती बांधायचा, पण लक्ष सगळं रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांकडे. शेवटी वडिलांनी हात टेकले आणि त्याला उद्यमनगरातल्या एका गॅरेजात चिकटवून दिला. तिथून मुंबई, आणि मुंबईहून कुवेत. आमच्याकडे तेव्हा घराघरातून एक तरी मुलगा आखातात जायचाच.

कुवेतमध्ये तो ज्या माणसाकडे होता त्याला तो अरबाब म्हणायचा. तिकडे मालकाला कामाची माणसं असंच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. अरबाबचे वडील तेल निघायच्या आधी मुंबईला मोती विकायला यायचे, त्यामुळे अरबाबला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. त्याची श्रीमंती तेलानंतरची. आणि त्या श्रीमंतीत त्याला एकच वेड, गाड्यांचं. हौसेला मोल नसतं म्हणतात, त्याच्या हौसेला तर कुंपणही नव्हतं. घराच्या तळघरात पाच गाड्या होत्या आणि उन्हाळ्यात लंडनला न्यायच्या दोन वेगळ्या, सगळ्या इटालियन आणि जर्मन, सगळ्या जमिनीला चिकटलेल्या. त्या सगळ्यांची देखभाल माझ्या भावाकडे.

ही देखभाल म्हणजे काय, हे मला त्याच्याकडूनच कळलं. त्या गाड्यांना उभं राहणं सोसत नाही. दर दोन-चार दिवसांनी इंजिन चालू करून गरम होऊ द्यायचं, गाडी हातभर पुढेमागे करायची म्हणजे टायर एका जागी दबत नाहीत, आणि चालू असताना डोळे मिटून ऐकायचं. "निम्मं काम कानाचंच असतं," तो म्हणायचा. लहानपणी आईनं दहा हाका मारल्या तरी एक ऐकू न येणारा हा मुलगा!

दर उन्हाळ्यात कुवेत तापायला लागलं की अरबाबचं कुटुंब लंडनला यायचं, हाइड पार्कजवळच्या मोठ्या फ्लॅटमध्ये. बरोबर त्या दोन गाड्या आणि माझा भाऊ. फ्लॅटच्या मागच्या बोळात पूर्वी घोडे बांधायचे ते तबेले होते, त्यातल्या एकाचं गॅरेज केलेलं. खाली गाड्या, वर भावाची खोली. संध्याकाळ झाली की अरबाब आणि त्याचे आखातातले मित्र आपापल्या गाड्या काढायचे आणि मोठ्या दुकानांच्या रस्त्यावरून माणूस चालतो त्या गतीनं एकामागून एक फिरायचे. काचा खाली. हिरवी गाडी, लाल गाडी, आमची पिवळी. गाड्यांच्या पाट्यांवर अरबी आकडे. फुटपाथवर पोरं कॅमेरे घेऊन उभी. मी एकदा बघायला गेले होते. मला तर ती लग्नाची वरातच वाटली, फक्त नवरदेव कोण ते कळेना.

"एवढी धावणारी गाडी, आणि चालवतोय कशी बघ," मी भावाला म्हटलं.

"पैलवानाला बालवाडीत बसवलाय," तो म्हणाला. पण बोलताना त्याचा चेहरा असा फुललेला, की जणू पैलवान त्याच्याच घरचा.

रविवारी तो आमच्याकडे यायचा. कधी ट्रेननं, कधी अरबाबनं दिली तर गाडी घेऊन. आमच्या गणपतीला तो गाडी घेऊन आला तो दिवस मला विसरता येत नाही. घरात हॅरोपासूनची सगळी मराठी मंडळी. एरवी वॉर्डात ज्यांची पावलं वाजली की आम्ही नर्सेस सरळ उभ्या राहायचो, ते सर्जन आमच्या दारात रांग लावून उभे, "एक चक्कर, फक्त एक चक्कर" म्हणत. आरती अर्ध्यावर आली तरी बाहेर रांग हलेना. आणि आत त्यांच्या बायका मला विचारतायत, "तुमचे भाऊ ड्रायव्हर आहेत का हो कुणाकडे?" माझ्या तळपायाची आग मस्तकात. मी तोंड उघडणार एवढ्यात मागून हा मोदक खात आला आणि म्हणाला, "होय की, ड्रायव्हरच. तुम्हाला कुठं सोडू?"

माझी मुलगी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. इथलीच जन्माची. "मामा, तुझा गाडी किती फास्ट जातो?" ती विचारायची. तो तिची चूक कधी सुधारत नसे. "माझा गाडी लई फास्ट जातो," म्हणायचा. मग आरशात मागचं बघायचं काम देऊन तिला पुढे बसवायचा आणि गल्लीतून हळूहळू घेऊन जायचा. आमचे हे म्हणायचे, या माणसाला स्वतःचं काही नको, सगळं दुसऱ्याचं सांभाळायला द्या. कौतुकानंच म्हणायचे. मला मात्र कधी कधी त्याची काळजी वाटे. तिशी उलटली होती. आई कोल्हापुरात एकटी, वडील गेलेले. मुली सांगून येत होत्या, आणि हा दर वेळी म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू.

नव्वद सालच्या उन्हाळ्यात अरबाबचं कुटुंब आलं, पण भाऊ आला नाही. तळघरातल्या पाचांतल्या एका गाडीचा गिअरबॉक्स त्यानं उघडला होता आणि इटलीहून यायचा एक भाग यायला उशीर झाला होता. "अशी उघडी टाकून कशी येऊ, अक्का?" फोनवर म्हणाला. "भाग आला की जोडतो आणि निघतो. राखीला तिथं असतो."

राखीच्या चार-पाच दिवस आधी सकाळी मी ड्यूटीला निघायच्या तयारीत होते. रेडिओवर बातमी लागली की इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. मी एक बूट घालून तशीच पायरीवर बसले. मग उठून फोन फिरवायला लागले. कुवेतचा नंबर फिरवायचा, नुसती घरघर ऐकायची, ठेवायचा, पुन्हा फिरवायचा. ह्यांनी वॉर्डला फोन करून मी येत नाही म्हणून सांगितलं.

दुपारी अरबाबचाच फोन आला. तोवर मी त्या माणसाशी कधी बोलले नव्हते. "बहेन," तो म्हणाला, आणि मग हिंदी आणि इंग्रजी मिसळून सांगू लागला. सकाळी एकदा त्याचा फोन लागला होता. भाऊ घरीच होता, ठीक होता. अरबाबनं त्याला सांगितलं, सगळं सोड, माझ्या चुलतभावाच्या घरी जा, ते जीप घेऊन वाळवंटातून सौदीला निघतायत, त्यांच्याबरोबर निघ. भाऊ "होय अरबाब" म्हणाला. त्यानंतर फोन बंद पडले ते पडलेच.

मला धीर आला. माझा भाऊ जीपमध्ये आहे, वाळवंटात आहे, पण जिवंत माणसांबरोबर आहे. मी आईच्या शेजाऱ्यांकडे फोन करून निरोप ठेवला, तो निघालाय म्हणून.

चुलतभावाचं कुटुंब आठवड्यानं सौदीत पोचलं आणि तिथून त्यांनी लंडनला फोन केला. भाऊ त्यांच्यात नव्हता. तो त्यांच्या घरी गेला होता. त्यानं सामान जीपच्या टपावर बांधून दिलं, चाकांतली हवा वाळूसाठी कमी करून दिली, मुलांना आत बसवलं. त्याच्यासाठी जागाही ठेवली होती. पण तो म्हणाला, तुम्ही व्हा पुढं, माझं थोडं काम राहिलंय, ते उरकून मागून येतो.

हे सांगायला अरबाब स्वतः आमच्या घरी आला. मी दार उघडलं तर समोर घामाघूम झालेला, उंच, पन्नाशीचा माणूस, साध्या शर्टात. तो ट्रेननं आला होता. आयुष्यात पहिल्यांदा लंडनच्या ट्रेनमध्ये बसला होता. तिकीट कुठे सारायचं ते त्याला समजलं नव्हतं आणि मागची माणसं त्याच्यावर वैतागली होती. मी नकळत त्याच्या पाठीमागे रस्त्याकडे बघितलं. त्याला ते कळलं.

"गाडी नहीं लाया," तो म्हणाला. "अब शरम आती है, बहेन."

पिवळी गाडी त्या वर्षीही आली होती. ती तबेल्यात उभी होती आणि तिचं इंजिन कुणीच चालू करत नव्हतं.

त्यानंतर तो वरचेवर यायला लागला. त्याच्या फ्लॅटमध्ये नातेवाइकांची गर्दी, सगळे रडणारे नाहीतर भांडणारे, म्हणून असेल. आमच्या पुढच्या खोलीत कोचाच्या कडेला तो संकोचून बसायचा. आमच्याकडे मांसाहार नाही हे त्याला भावामुळे माहीत होतं. मी थालीपीठ केलं तर मुकाट्यानं खायचा. संध्याकाळी आम्ही तिघं टीव्हीसमोर बसायचो. कुवेतमधली आपली माणसं हजारोंनी बसगाड्यांतून इराकमार्गे जॉर्डनच्या सरहद्दीवर येत होती, वाळवंटात तंबूंच्या छावण्यांत राहत होती, आणि तिथून विमानं त्यांना मुंबईला नेत होती. आमचे हे त्या बातम्या व्हिडिओवर टेप करून ठेवायचे. मग टेप थांबवून थांबवून आम्ही चेहरे बघायचो. पाण्याच्या टँकरपाशी हात वर केलेली माणसं. चित्र थांबवलं की वर-खाली थरथरायचं, त्यातून डोळे-नाक ओळखायचं. अरबाब पुढे वाकून पडद्यावर बोट ठेवायचा. "वो? वो है?"

"नाही," मी म्हणायची. "त्याचे कान मोठे आहेत."

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. कोल्हापूर-सांगलीकडची पुष्कळ मुलं घरी परतली. आई शेजाऱ्यांच्या फोनवर येऊन दर वेळी एवढंच विचारायची, "आला का गं तिकडं?" तिला वाटायचं, तो इंग्लंडलाच येणार.

शेवटी सांगलीचा एक इलेक्ट्रिशियन आईच्या दारात जाऊन उभा राहिला. त्याला माझा भाऊ छावणीत भेटला होता. भाऊ तिथे पोचला तेव्हाच त्याच्या अंगात काही राहिलं नव्हतं. तळहात फोडांनी भरलेले, वजन उतरलेलं. दोन दिवसांत ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले. वरून ऊन. पाणी आलं की टँकरवर झोंबाझोंबी, आणि उठू न शकणाऱ्याला तिथवर जाणार कोण? या मुलानं आपल्या वाटणीचं पाणी त्याला पाजलं. तो मुलगा देवमाणूस, त्याला उदंड आयुष्य मिळो. पण ते पुरलं नाही. तिथंच सरहद्दीवर वाळूत माझ्या भावाला पुरला. अग्नी द्यायला लाकूड नव्हतं. त्या मुलानं आईला सांगितलं, शुद्ध जाईपर्यंत तो एकच म्हणत होता, काम उरकून आलोय.

मी नर्स आहे. ओकाऱ्या-जुलाबानं माणूस मरतो ते शरीरातलं पाणी आणि मीठ गेल्यानं. हाताच्या शिरेत एक सुई आणि वर टांगलेली सलाईनची बाटली, एवढंच लागतं. त्या आठवड्यात मी कामावर परत गेले. एका म्हाताऱ्या बाईंना सलाईन लावायला हातात घेतली आणि मला पुढचं काही दिसेना. सिस्टरनं माझ्या हातातून ती काढून घेतली. साधं मीठपाणी! माझ्या कपाटात त्याचे खोकेच्या खोके होते आणि माझा भाऊ त्यावाचून गेला. याचं दुःख कमी होतं म्हणतात. माझं नाही झालं.

दुःखाच्या जोडीला राग होता. कसलं काम? जीपमध्ये जागा होती. मालकानं स्वतः सांगितलं होतं. देशावर सैन्य चालून आलंय आणि ह्याचं कसलं काम राहिलं होतं? मी भांडी घासताना त्याच्याशी मोठ्यानं भांडायची. मुलगी घाबरून बघायची. आमचे हे म्हणायचे, अगं, गेलेल्या माणसाला किती बोलशील. मी म्हणायची, जिवंतपणी त्यानं कधी ऐकलंय का, की आता ऐकायला त्रास होईल?

पुढच्या वर्षी युद्ध झालं, कुवेत मोकळं झालं, अरबाब परत गेला. आणि त्या उन्हाळ्यात तो पुन्हा आला. पुन्हा ट्रेननंच. या वेळी त्याला तिकीट कसं सारायचं ते येत होतं. कोचावर बसला आणि त्यानं खिशातून फोटो काढले.

घर लुटून नेलं होतं. गालिचे, पंखे, नळाच्या तोट्या, भिंतीतली विजेची बटणंसुद्धा. रस्त्यांवरच्या, अंगणांतल्या सगळ्या गाड्या सैन्यानं पळवल्या होत्या. अरबाब तळघरात उतरला तेव्हा तिथं काही असेल अशी त्याला आशा नव्हती, आणि तिथं काही नव्हतंच. मोडकी कपाटं, रद्दी, काळवंडलेली भिंत. तो वर निघाला आणि पायऱ्यांवर थांबला. तळघर त्याला लहान वाटलं.

त्यानं माणसं आणून ती भिंत फोडली. मागे पाचही गाड्या होत्या. लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवलेल्या, म्हणजे टायर दबू नयेत. बॅटरीच्या तारा सोडवलेल्या, टाक्या रिकाम्या केलेल्या, प्रत्येकीवर घरातली चादर. आणि उघडा पडलेला तो गिअरबॉक्स नीट जोडून ठेवलेला. इटलीचा भाग आला होता वाटतं, सैन्याच्या एक दिवस आधी.

मी फोटो हातात घेतला. भोक पाडलेल्या भिंतीचा होता. वरच्या मजल्याच्या बांधकामासाठी आणलेले ब्लॉक अंगणात पडले होते, ते त्यानं एकट्यानं तळघरात वाहिले होते. गिलावा मुद्दाम ओबडधोबड, वरून काजळी चोळून जुना केलेला. अरबाब म्हणाला, तिकडे जो बघायला येतो तो विचारतो की हे सुचलं कुणाला?

मला विचारायची गरज नव्हती. आमच्या आजोळच्या गावी जुन्या घरांना बळद असायचं. दोन भिंती शेजारीशेजारी बांधायच्या आणि मधल्या पोकळीत धान्य, दागिने, भांडी लपवायची. बाहेरून नुसती भिंत दिसते. पूर्वी लुटारू यायचे तेव्हा माणसं बळद भरायची, लिंपून घ्यायची आणि रानात पळायची. वडील आम्हाला ते दाखवून सांगायचे, बळद बांधणाऱ्याची परीक्षा एकच, घरच्या सुनेलाही ते सापडता कामा नये. आमच्या वडिलांच्या त्या मुलानं कुवेतमध्ये पाच गाड्यांचं बळद बांधलं. पण जुनी माणसं बळद लिंपून लगेच पळायची. हा आधी गाड्या ठोकळ्यांवर चढवत बसला, गिअरबॉक्स जोडत बसला, ऑगस्टच्या उन्हात कोंदट तळघरात दिवसच्या दिवस ब्लॉक रचत बसला. मग हाताला फोड आणि अंगात कण नसताना त्या छावणीच्या वाटेला लागला.

मी हे सगळं अरबाबला सांगितलं. त्याला बळद समजावून सांगताना माझा आवाज चढत गेला. "त्याला तुम्ही सांगायला हवं होतं!" मी ओरडले. सांगितलं होतं हे मला ठाऊक असून ओरडले.

अरबाबनं उरलेले फोटो एकावर एक ठेवले. मग म्हणाला, "त्या दिवशी सांगितलं, बहेन. पण त्याच्या आधी सात-आठ वर्षं मी जेव्हा जेव्हा फोन केला, तेव्हा पहिल्यांदा विचारलं, गाड्या कशा आहेत. मग विचारलं, तू कसा आहेस." आणि तो माणूस आमच्या पुढच्या खोलीत दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मीही रडले. त्याच्यावरचा माझा राग त्या दिवशी गेला असं म्हणणार नाही, पण पुढे तो मला पूर्वीसारखा धरता येईना.

जाताना तो म्हणाला, पिवळी गाडी इथेच आहे, ती तुम्ही घ्या. मनापासून म्हणत होता.

"मी काय करू तिचं?" मी म्हटलं. "आम्हाला हॉस्पिटलला जायला साधी गाडी आहे."

"विकून टाका. काहीही करा."

"नको," मी म्हटलं. "ती सांभाळणारा माणूस आमच्याकडे आता नाही."

तो मान खाली घालून स्टेशनकडे चालत गेला. पुढे दोन-तीन वर्षं ईदच्या सुमारास त्याचा फोन यायचा. आधी मला विचारायचा, मग ह्यांना, मग मुलीला. गाड्यांचं नाव काढत नसे. नव्वदच्या दशकात लंडनला आखातातून गाड्या पूर्वीपेक्षा जास्त यायला लागल्या, अधिक बुटक्या, अधिक चमकणाऱ्या, तरुण मुलांच्या हातात. कधी कामानं त्या भागात गेले आणि तो आवाज कानावर आला, तर मी जवळच्या दुकानात शिरायची आणि रस्ता शांत होईपर्यंत काहीबाही बघत उभी राहायची.

आईला मी ते भिंतीचं फोनवर सांगितलं नाही. शेजाऱ्यांच्या घरी, चार माणसांत उभं राहून तिनं ते ऐकावं हे मला पटेना. अरबाब फोटो घेऊन आला त्याच वर्षी डिसेंबरात रजा काढून मी कोल्हापूरला गेले. जेवणं झाली, आई उन्हाला बसली, तेव्हा तिच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. भिंत, चादरी, ठोकळे. त्यानं वडिलांचं नाव काढलं, असं मी म्हणाले, कारण काहीतरी चांगलं म्हणायला हवं होतं. फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"किती म्हणालीस गाड्या?"

"पाच."

"सगळ्या त्या एकाच माणसाच्या?"

"हो."

"आणि एका वेळी बसतो किती गाड्यांत?"

"एकाच गाडीत, आई."

तिनं फोटो माझ्या मांडीवर ठेवला.

"मग चार गेल्या असत्या तरी त्याचं चाललं असतं की," ती म्हणाली. "माझा एकच हुता."